स्वस्त हेडसेटने चक्कर येते का?

प्रश्न : मुलगा तेरा वर्षांचा आहे, व्हीआर हेडसेट मागतोय. स्वस्तातल्याने चक्कर येते म्हणतात. महागडाच घ्यावा का?
— एक पालक, सांगली

उत्तर : घाबरू नका. चक्कर किमतीपेक्षा खेळावर अवलंबून असते. डोळ्यांना आपण धावतोय असं दिसतं, शरीर जागेवरच असतं, म्हणून मळमळतं. मेटाचा महाग हेडसेट क्वेस्ट 3 आणि स्वस्तातला क्वेस्ट 3एस, दोन्हींत चिप एकच. फरक भिंगांचा : 3एसमध्ये नजर कडेला गेली की अक्षरं पुसट होतात. तरी खेळांसाठी माझ्या मते 3एस पुरे. प्लेस्टेशन व्हीआर2मध्ये काळोख खरोखर काळा दिसतो, पण त्याला वायर असते आणि घरात पीएस5 कन्सोल, नाहीतर अडॅप्टर लावलेला पीसी हवा. सुरुवातीला बसून, दहाच मिनिटं खेळू द्या. मळमळलं की लगेच थांबवा. आणि भिंगांवर ऊन पडू देऊ नका, आतला पडदा जळतो.