कंपायलरची नजर कुठवर पोचते?

दंडगोलाचे घनफळ काढताना त्रिज्या आणि उंची यांची अदलाबदल झाली, तर मिती जुळतात. उत्तर मात्र चुकते. ‘सी’ भाषेतील प्रोग्रॅम यंत्रभाषेत उतरवणाऱ्या कंपायलरचेही असेच आहे.

फाइल वाचणे, लिहिणे ही कामे प्रोग्रॅम कार्यप्रणालीकडून करवून घेतो. या विनंतीला ‘सिस्टिम कॉल’ म्हणतात. युनिक्समधील ‘एलसीक’ या कॉलने फाइलमधील जागा ठरते. त्याला तीन संख्या लागतात: फाइलचा क्रमांक, किती बाइट सरकायचे, आणि कोठून मोजायचे. यात ० म्हणजे आरंभापासून, १ म्हणजे सध्याच्या जागेपासून, २ म्हणजे शेवटापासून.

समजा, क्रमांक ३ च्या फाइलमध्ये आरंभापासून २ बाइट पुढे जायचे आहे. त्यासाठी (३, २, ०) हवे. चुकून (३, ०, २) लिहिले, तर आपण थेट फाइलच्या शेवटी पोचतो आणि पुढचे लेखन भलत्याच जागी होते! कंपायलर गप्प, कारण तिन्ही पूर्णांकच. कार्यप्रणालीही गप्प, कारण विनंती वैध आहे.

१९८९ मध्ये ‘सी’चे प्रमाण रूप ठरले. त्यात मूल्यांची संख्या व प्रकार पडताळण्याची सोय आली, अर्थाची नव्हे. २०१५ मध्ये १.० आवृत्ती निघालेल्या ‘रस्ट’ भाषेत ‘आरंभापासून २’ हे मिळून एकच, स्वतंत्र प्रकारचे मूल्य असते. तिथे नुसता अंक दिला, तर कंपायलर अडवतो.

आता सांगा: ५० बाइट सरकताना ‘सी’मध्ये हीच अदलाबदल झाली, तर चूक कोण पकडेल?