संदेश कुठे थांबवायचा, ते आधी ठरव

बमरोली, सुरत



तुझ्या टेलिग्राम बॉटचा कोड वाचला. अनोळखी नंबरावरून ताक्यांची ऑर्डर आली की बॉट ‘नोंदणी नाही’ असं कळवतो आणि लगेच तीच ऑर्डर वहीत चढवतो. यावर तू प्रत्येक हँडलरच्या डोक्यावर नोंदणीची तपासणी चिकटवायला घेतली आहेस. तसं करू नकोस. पुढचा हँडलर लिहिताना तेवढी एक ओळ राहील आणि कुणा कारखानदाराचा माल भलत्याच्या नावावर लागेल.

पायथन-टेलिग्राम-बॉट या लायब्ररीत हँडलरांचे गट आकड्यांच्या चढत्या क्रमाने चालतात. एका गटात जुळणारा पहिलाच हँडलर चालतो, बाकीचे वगळले जातात. पण पुढचे गट चालूच राहतात. तुझी तपासणी वेगळ्या गटात आहे, म्हणून तिने उत्तर दिलं तरी संदेश पुढे जातोच. ती उणे एक गटात ठेव आणि नोंदणी नसेल तिथे ‘अ‍ॅप्लिकेशन-हँडलर-स्टॉप’ हे एक्सेप्शन रेझ कर. मग पुढचा एकही गट चालत नाही. आपल्या इथल्या मागांचं बघ, आडवा धागा तुटला की माग तिथल्या तिथे थांबतो, कारागीर येईपर्यंत कापड खराब विणत बसत नाही.

आता मला खरी काळजी वाटते ती जागा. तू सगळीकडे ‘एक्सेप्ट एक्सेप्शन’ लिहून चूक लॉगमध्ये टाकतोस. थांबवणारं एक्सेप्शनही त्याच जातीचं आहे. ते ट्राय-ब्लॉकच्या आत रेझ केलंस तर तुझाच एक्सेप्ट ते गिळेल आणि संदेश बिनदिक्कत पुढे जाईल. टेलिथॉन या दुसऱ्या लायब्ररीतल्या ‘स्टॉप-प्रोपगेशन’चंही हेच. म्हणून ते ट्रायच्या बाहेर ठेव. आणि तपासणीच्या हँडलरला ‘ब्लॉक’ फॉल्स करू नकोस. तो पार्श्वभूमीत चालला की त्याच्या थांबवण्याला अर्थ उरत नाही.

गटाच्या आत हँडलर जोडण्याचा क्रम बघ. टेक्स्टचा फिल्टर कमांडही पकडतो. तो फिल्टर असलेला हँडलर आधी जोडलास तर त्याच गटातला ‘कॅन्सल’ कमांडचा हँडलर कधी चालणारच नाही. फिल्टरमधून कमांड वगळ.

हे झालं की नोंद नसलेल्या नंबरावरून ऑर्डर पाठव, मग नोंद असलेल्या नंबरावरून कॅन्सल, आणि दोन्हींचा लॉग मला धाड. दिवाळीच्या सुट्टीला कारखाने बंद व्हायच्या आत हे मार्गी लागायला हवं.

ताईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी