पाणी नितळ, तरी मासे का मरतात?

प्रश्न : मुलांच्या हट्टामुळे दोन फुटी फिशटँक आणला. दुकानदाराने गोल्डफिश, गप्पी, एंजल आणि निऑन टेट्रा असे चारही प्रकार दिले. पाणी बोअरवेलचं. दर रविवारी सगळं पाणी काढते, खडी आणि फिल्टरचा स्पंज घासून धुते. तरी मासे मरतच आहेत. काय चुकतंय?
– एक वाचिका, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : रविवारची ही धुणी आधी थांबवा. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजलं की त्यात भर पडते. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून नितळ पाणीही विषारी असू शकतं. मुरलेल्या टाकीत काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसरे त्याचं नायट्रेट. नायट्राइटही घातकच, कारण त्याने माशाच्या रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. नायट्रेट त्यामानाने पुष्कळ सौम्य. हे जिवाणू मुख्यतः स्पंजाला आणि खडीला चिकटून राहतात. नव्या टाकीत त्यांची वस्ती बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात, आणि तुमच्याकडे ती दर आठवड्याला धुतली जाते.

यापुढे आठवड्याला पाव भाग पाणी बदला. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळा. पालिकेचं पाणी वापरायची वेळ आली तर त्यातलं क्लोरीन या जिवाणूंनाही मारतं, तेव्हा अँटिक्लोरीनचे थेंब घालूनच ते टाकीत ओता. वस्ती बसेपर्यंत खाणं अगदी थोडं द्या.

आता बोअरवेल. आपल्याकडच्या काळ्या खडकातलं पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असतं. सामू आणि तापमान चढेल तसा अमोनियाचा विषारी अंश वाढतो, म्हणून उन्हाळ्यात जास्त जपावं लागतं. सामू उतरवणारी औषधं बाजारात मिळतात. ती घेऊ नका. जड पाण्यातले बायकार्बोनेट क्षार सामू पुन्हा वर ओढतात आणि हा चढउतार माशांना सोसत नाही. पाण्याला माशांजोगं करत बसण्यापेक्षा पाण्याजोगे मासे आणणं केव्हाही बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमचे चार प्रकार एकत्र नांदणारे नाहीतच. निऑन टेट्रा ॲमेझॉन खोऱ्यातल्या हलक्या, आम्लधर्मी पाण्यातला. एंजल मोठा झाला की त्यालाच गिळतो. गोल्डफिशला थंड पाणी मानवतं, 20 अंशांच्या आसपासचं. बाकीच्यांना 24 ते 26. शिवाय तो वाढतो खूप आणि घाणही खूप करतो. दोन फुटी टाकी त्याला पुरत नाही.

गप्पी मात्र जड पाण्यात सुखाने राहतात. त्यांच्या जोडीला प्लॅटी चालतील. टायगर बार्ब आणू नका, तो गप्पींच्या लांब शेपट्या कुरतडतो. पिल्लांचा सुळसुळाट नको असेल तर फक्त नर ठेवा. मादी एकदा फळली की नराशिवायही पुढे कित्येक महिने पिल्लं देते.

उरलेले गोल्डफिश, एंजल आणि टेट्रा दुकानदाराला परत करा. तळ्यात किंवा विहिरीत मुळीच सोडू नका. तिथल्या देशी माशांच्या अन्नावर आणि अंड्यांवर हे परके मासे तुटून पडतात.