झोळीची सावली

माण, खटाव, जत, आटपाडी हा आपला दुष्काळी मुलूख. वैशाखात ऊन मी म्हणते. पण काम थांबत नाही. आई कामावर जाते. बाळाला घरी कुणाजवळ ठेवणार? तेही कडेवर जाते.

तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे. त्यांच्या विचारातून रोजगार हमी निघाली. तिचा कायदा १९७९ साली अमलात आला. पुढे २००५ च्या देशाच्या कायद्यात लिहिले होते : कामावर पाच लहान मुले असली, तर एका बाईने ती सांभाळावी, तिला त्याची मजुरी मिळावी. लिहिलेले सगळीकडे झाले असे नाही.

अशा एका कामावर मी पाहिलेले सांगतो. आईने सकाळी बाभळीला झोळी बांधली. वर जाड लुगडे टाकले. दुपारी सावली सरकली, झोळी उन्हात आली. आत वारा नाही. बाळ निपचित पडले. ओठ सुकले, टाळू खोल गेली. एका म्हातारीने ओळखले. तिने बाळाला लिंबाखाली नेले, कपडे काढले, ओल्या फडक्याने अंग पुसले. आईने पाजले. मग लगेच दवाखाना गाठला. पोर वाचले.

बायांनो, सावली चालते. तिच्याबरोबर झोळी हलवा. बाभळीपेक्षा चिंच, लिंब बरा. झोळी झाकून टाकू नका.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचे पाणी नको. आईच्या दुधातच पाणी असते. आईने भरपूर पाणी प्यावे, घडीघडी पाजावे. मुकादम कुरकुरतो. कुरकुरू दे.

लघवी कमी झाली, बाळ दूध ओढीना, सुस्त पडले, तर संध्याकाळची वाट पाहू नका. तडक आरोग्य केंद्रात न्या.