क्षमेचा उपदेश करण्यापूर्वी : वाचण्याजोगी तीन पुस्तके

शास्त्रवाचन : मत्तय 18:21-35



तीन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या पाड्यांवरील कुटुंबांनी भाताच्या बियाण्यासाठी पैसे गोळा केले. ते एका सहकारी बंधूकडे ठेवले होते. त्याने ते मुलाच्या आजारपणात खर्च केले आणि कोणाला सांगितले नाही. बोल मला ऐकावे लागले. मी त्याच्याशी बोलणे टाकले.

पुढे एका रविवारी मी वरील उताऱ्यावर उपदेश केला. उपासना संपल्यावर एक आजी जवळ आल्या. आमच्याकडे सर्वांनाच ‘तू’ म्हणतात. त्यांनी विचारले, “पास्टर, तू त्याला माफ केलंस का?” मी गप्प राहिलो. त्या म्हणाल्या, “माझे पण पैसे गेले. पण पोर आजारी होतं, म्हणून मी पेज घेऊन गेले होते.”

त्या दिवसापासून मी पुन्हा विद्यार्थी झालो. मला उपयोगी पडलेली तीन पुस्तके आपल्यापुढे ठेवतो.

1. उपदेशाविषयी : दीट्रिश बॉनहॉफर, ‘द कॉस्ट ऑफ डिसायपलशिप’

हिटलरच्या राजवटीत तरुण पाळकांना शिकवत असताना बॉनहॉफर यांनी हे पुस्तक लिहिले. 1937 साली ते जर्मन भाषेत प्रसिद्ध झाले. 9 एप्रिल 1945 रोजी त्यांना फाशी देण्यात आली. पश्चात्तापावाचून क्षमा सांगणाऱ्या उपदेशाला ते स्वस्त कृपा म्हणतात. यातून मला कळले की क्षमा करणे म्हणजे हिशेबाची वही फाडून टाकणे नव्हे. पाप झाले ते पाप म्हणूनच सांगावे लागते, आणि ते प्रथम उपदेशकाने स्वतःविषयी सांगावे.

2. क्षमेविषयी : कॉरी टेन बूम, ‘द हायडिंग प्लेस’

हॉलंडमधील हार्लेम गावच्या या घड्याळजी कुटुंबाने यहुदी लोकांना घरात लपवले. फेब्रुवारी 1944 मध्ये त्यांना अटक झाली. वडील कैदेत असताना वारले, बहीण बेट्सी राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत. 1947 साली म्युनिकमध्ये कॉरी क्षमेवर बोलल्या, तेव्हा त्याच छावणीतील एक पहारेकरी हात पुढे करून समोर आला. त्यांचा हात उचलेना. त्यांनी मनात प्रार्थना केली आणि मग हात दिला.

नंतरच्या लेखनात त्या आणखी एक गोष्ट कबूल करतात : ओळखीच्या ख्रिस्ती मित्रांना क्षमा करणे त्यांना फार जड गेले. एका पाळकांनी त्यांना चर्चच्या घंटेचे उदाहरण दिले. दोर सोडला तरी घंटा काही वेळ वाजतच राहते. तसेच क्षमा केल्यावरही जुने विचार काही काळ येत राहतात. दोर पुन्हा धरायचा नाही, एवढे आपल्या हाती आहे.

3. विश्वासाविषयी : लक्ष्मीबाई टिळक, ‘स्मृतिचित्रे’

हे आपल्या मराठीतले. रेव्ह. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला. लक्ष्मीबाईंना तो मोठा आघात होता. त्या काही वर्षे दूर राहिल्या. शिवाशिवीची बंधने सुटत गेली, पण हळूहळू. विश्वास एका दिवसात पिकत नाही, हे इतक्या मोकळेपणाने आणि हसतखेळत सांगणारे दुसरे पुस्तक मला ठाऊक नाही.

पुन्हा शास्त्राकडे

दृष्टान्तातील शंभर दीनार आपण क्षुल्लक समजतो. पण दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी (मत्तय 20:2). शंभर दीनार म्हणजे तीन-साडेतीन महिन्यांची कमाई! प्रभू आपले नुकसान लहान मानत नाही. फक्त दहा हजार तालांताच्या, म्हणजे सुमारे सहा कोटी दीनारांच्या, माफ झालेल्या कर्जाशेजारी ते ठेवून पाहायला सांगतो.

मी त्या बंधूच्या घरी गेलो. प्रथम मी अबोल्याबद्दल क्षमा मागितली. तो रडला. मग वही उघडून आम्ही हप्ते ठरवले. सगळे पैसे अजून फिटलेले नाहीत. माझ्या मनातली घंटाही अधूनमधून वाजते. पण आम्ही पुन्हा एकत्र पाड्यांवर जातो.

पहिली दोन पुस्तके ज्यांना इंग्रजीत वाचणे जमत नसेल, त्यांना मंडळीतील तरुणांनी थोडी थोडी वाचून सांगावीत.

घरच्या प्रार्थनेत विचार करण्यासाठी

1. मी कोणाशी बोलणे टाकले आहे?
2. क्षमेच्या नावाखाली मी कोणते सत्य झाकत आहे का?
3. माझे ‘शंभर दीनार’ कोणते?

आमच्या पाड्यांसाठी आणि त्या बंधूच्या कुटुंबासाठी प्रार्थना करा. प्रभू आपणांस आशीर्वाद देवो.