सपाट आलेखाचा मोह

काही हजार रुपयांत मिळणारा डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसर) बोर्ड, मोजणीचा माइक आणि आरईडब्ल्यू हे फुकट सॉफ्टवेअर हाती आलं, की घरच्या स्पीकरचा आलेख सपाट करणं एका संध्याकाळचं काम वाटू लागतं. आलेख सपाट होतोही. गाणं मात्र अनेकदा आधीपेक्षा कोरडं आणि बोचरं लागतं, आणि खापर डीएसपीवर फुटतं. माझ्या मते चूक यंत्राची नाही, आपण त्याच्याकडे काय मागतो याची आहे. डीएसपी स्पीकरात जाणारा सिग्नल बदलतो. तो सिग्नल आवाज होऊन खोलीत कुठे पसरतो आणि भिंतींवरून कसा परततो, यावर त्याचा काही ताबा नाही. हा फरक न समजता केलेली प्रत्येक दुरुस्ती एका जागी कमावते आणि दहा जागी गमावते.

वूफर आणि ट्वीटरमध्ये आवाज वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरच्या बाबतीत डीएसपीचं पारडं निर्विवाद जड आहे. जुन्या पद्धतीच्या तांब्याच्या कॉइल आणि कपॅसिटरच्या जाळ्यात वीज वाया जाते, शिवाय वूफरचा रोध वारंवारतेनुसार बदलत असल्याने कागदावरचं गणित प्रत्यक्षात हुकतं. डीएसपीत प्रत्येक ड्रायव्हरला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर मिळतो. सीगफ्रिड लिंकविट्झ यांनी १९७६ मध्ये मांडलेला, पुढे लिंकविट्झ-रायली नावाने रूढ झालेला २४ डेसिबल प्रति सप्तकाचा उतार चार क्लिकमध्ये लागतो. वेळेचंही तसंच. ट्वीटर वूफरपेक्षा ३ सेंटिमीटर पुढे असेल, तर २५०० हर्ट्झला ते अंतर जवळजवळ पाव तरंगलांबी होतं आणि दोघांचे आवाज नीट जुळत नाहीत. ट्वीटरला ०.०९ मिलिसेकंद उशीर दिला की काम झालं. पण इथेच पहिला सापळा आहे. आठ इंची वूफरचा पडदा साधारण १६-१७ सेंटिमीटरचा असतो, त्यामुळे २००० हर्ट्झच्या आसपास त्याचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा समोर एकवटू लागतो. त्याला ३५०० हर्ट्झपर्यंत ताणून वर छोटा ट्वीटर जोडला, तर समोरच्या माइकला सगळं सपाट दिसेल. बाजूला जाणाऱ्या आवाजात मात्र तिथे खड्डा राहील, आणि तोच खड्डेदार आवाज भिंतीवरून परत आपल्या कानात येईल. कुठलाही इक्वलायझर तो भरू शकत नाही, कारण समोर वाढवलं की बाजूलाही तेवढंच वाढतं. छेदबिंदू खाली आणणं किंवा वूफर लहान घेणं, एवढेच उपाय उरतात, आणि ते सुतारकामाच्या आधी ठरवायचे असतात.

खोलीचं दुखणं याहून हट्टी. आपल्याकडची नेहमीची १० बाय १२ फुटांची, साडेनऊ फूट उंचीची खोली घ्या. लांबीचा घुमार ४७ हर्ट्झच्या आसपास, रुंदीचा ५६ला, उंचीचा ६०च्या जवळ. तिन्ही एकमेकांच्या अंगावर बसलेले. त्यात भिंती विटा-काँक्रीटच्या; लाकडी चौकटीवर जिप्समचे पत्रे ठोकलेल्या भिंतींसारख्या त्या खर्ज शोषत नाहीत. म्हणून आपल्या घरात डग्गा घुमतो तो घुमतच राहतो. हे उंचवटे डीएसपीने खुशाल कापावेत. तिथे पातळी उतरली की घुमारही कानाला आवरलेला वाटतो. खड्ड्याचं तसं नाही. स्पीकर मागच्या भिंतीपासून १ मीटरवर असेल, तर ८६ हर्ट्झच्या सुमारास भिंतीवरून परतलेली लाट मूळ लाटेला मारते. तिथे १० डेसिबल चढवले, तर अ‍ॅम्प्लिफायरला दहापट वीज द्यावी लागते, वूफरचा पडदा तिप्पट हलतो, आणि परतणारी लाटही तितकीच वाढल्याने खड्डा जागच्या जागी राहतो. स्पीकर भिंतीजवळ सरकवला तर तो खड्डा वरच्या पट्टीत जातो आणि बराचसा निवतो. खर्च शून्य.

यावर म्हटलं जातं की आताची सॉफ्टवेअरं पाच-सात जागी मोजून सरासरी काढतात, मग पूर्ण पट्टा का दुरुस्त करू नये? खालच्या पट्टीत सरासरी उपयोगी आहेच. पण अशा खोलीत साधारण २५०-३०० हर्ट्झच्या वर माइक वीतभर सरकला तरी आलेख बदलतो. तिथल्या सरासरीत स्पीकरचा दोष किती आणि भिंतीचा किती, हे वेगळं काढता येत नाही. कान मात्र सरळ येणारा आवाज आणि त्यामागून येणारे पडसाद बरेचसे वेगळे ओळखतो. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि नंतर हर्मन या ध्वनी-उपकरणांच्या कंपनीत आयुष्य घालवलेले फ्लॉइड टूल हेच सांगत आले आहेत. चांगल्या स्पीकरचा खोलीतला आलेख वर जाताना आपोआप थोडा उतरतो. तो ओढूनताणून सपाट केला की आवाज बोचू लागतो. दुसरा आक्षेप जुन्या मंडळींचा: डिजिटल केलं की संगीत मरतं. आज ऐकलं जाणारं बहुतेक संगीत मुळातच डिजिटल असतं, तेव्हा या भीतीत फारसा दम नाही. ट्वीटरमधून येणारी सुरसुर ही तक्रार खरी, पण तिचं कारण बहुधा गरजेपेक्षा जास्त गेन असलेला अ‍ॅम्प्लिफायर असतो. लांबलचक एफआयआर फिल्टरचा सोस मात्र आवरा. ४८ किलोहर्ट्झला ४०९६ टॅपचा रेषीय-फेज फिल्टर सुमारे ४३ मिलिसेकंद उशीर लावतो. टीव्ही जोडला असेल तर ओठ आणि शब्द यांची जोडी सुटू लागते.

तेव्हा आधी स्पीकर आणि बैठक हलवून पाहा, जाड पडदे आणि जाजम लावा. मग क्रॉसओव्हर जवळून मोजून बसवा, आणि सगळ्यात शेवटी ३०० हर्ट्झच्या खालचे दोन-तीन उंचवटे कापून थांबा. सेटिंग चुकलं किंवा चालू करताना ठोका बसला, तर डीएसपीच्या मागे थेट जोडलेला ट्वीटर क्षणात जळतो. ८ ओहमच्या ट्वीटरला २० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सिरीजमध्ये जोडला, की १००० हर्ट्झच्या खालचा मारा बराच अडतो. तो लावल्याशिवाय अ‍ॅम्प्लिफायरचं बटण दाबू नका.