रामसेंचा 'हॉटेल' लावण्यापूर्वी

शनिवारी रात्री बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या एखाद्या फ्लॅटवर चार मराठी टाळकी जमतात आणि कुणीतरी रामसे बंधूंचा 'हॉटेल' (१९८१) लावू या म्हणतं. नवीन निश्चल, राकेश रोशन, बिंदिया गोस्वामी, रणजीत अशी नावं पाहून माना डोलतात. सिनेमा फसलेला आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

काय करावे

सुरुवात चुकवू नका. बिल्डर मंडळी पाद्रीबाबांना फसवून कब्रस्तानाची जमीन लाटतात आणि तिच्यावर हॉटेल उठवतात. एचएसआरमध्ये याहून भीतिदायक कथा नाही. हा लेआउटही ऐंशीच्या दशकातच बीडीएने (बंगळुरू विकास प्राधिकरणाने) आखलेला, आणि मालमत्तेचा ए खाता की बी खाता हा प्रश्न इथे कोणत्याही कबरीपेक्षा जास्त झोप उडवतो.

नामावली वाचा. सात भाऊ, कामं घरातल्या घरात वाटलेली: दिग्दर्शनाला तुलसी आणि श्याम, कॅमेऱ्यावर गंगू, ध्वनी किरणकडे, संकलन अर्जुनकडे. १९७२ साली 'दो गज जमीन के नीचे'साठी सगळं कुटुंब महाबळेश्वरला गेस्ट हाउसमध्ये मुक्काम ठोकून होतं. सेटचा खर्च वाचला, धुकं फुकट मिळालं.

चकण्याला बेकरीतले काँग्रेस शेंगदाणे आणा. कोल्हापूरहून कुणी आलं असेल तर भडंग. भुतं यायला वेळ आहे. आधी हॉटेल बांधून व्हायचंय.

दुसऱ्या दिवशी विधू विनोद चोप्रांचा 'खामोश' जरूर पाहा. दशक तेच, पैसा तिथेही बेताचाच. पहलगामला शूटिंगसाठी आलेल्या युनिटमध्ये एक मृत्यू होतो आणि शबाना आझमी, अमोल पालेकर आपापल्याच नावाने संशयाच्या घेऱ्यात येतात.

काय टाळावे

'बजेट नव्हतं हो बिचाऱ्यांकडे' हे वाक्य टाळा. यश चोप्रांनी 'इत्तेफाक' (१९६९) महिन्याभरात, गाण्यांशिवाय, जवळजवळ एका घरात उरकला आणि प्रेक्षक खुर्चीत खिळले. राजा परांजप्यांच्या 'पाठलाग'ने (१९६४) एकाच प्रश्नावर शेवटपर्यंत ताणून धरलं: ही बाई खरंच त्याची बायको आहे का? 'हॉटेल'मध्ये कुणी कुणाला फसवलं ते आपल्याला पहिल्यापासून ठाऊक असतं. मग उरतं काय, तर आधी कोण मरणार एवढंच. रहस्य लपवून ठेवायला पैसे लागत नाहीत, धीर लागतो. तोच इथे कमी पडला. माझ्या मते रामसेंना रहस्यात रसच नव्हता, थडगं उघडण्यात होता. 'पुराना मंदिर' (१९८४) चालला तो त्यांनी हे मान्य केल्यावरच.

गच्चीवर पडदा लावून मोठ्या आवाजात पाहू नका. दहानंतर किंकाळी घुमली की असोसिएशनचा ग्रुप जागा होतो, आणि तिथला सस्पेन्स महिनाभर चालतो.

मुलं हसली तर 'आमच्या वेळी आम्ही घाबरायचो' असं सांगत बसू नका. थिएटरात तेव्हाही निम्मे लोक हसतच होते, अशी माझी दाट शंका आहे.

आणि 'हॉटेल' संपल्यावर त्याच झटक्यात 'सामरी' (१९८५) तर अजिबात नको. तो थ्रीडीचा सिनेमा. चष्म्याशिवाय पाहिलात तर माणसं सारखी कॅमेऱ्याच्या अंगावर का येतायत, हेच कळायचं नाही.